दादाच्या पाच चांदण्या

चहा घ्या आधी, मग माझी फजिती ऐका. हसू आलं तर दाबू नका, आता मलाही येतं.

आम्ही बुवापाड्याचे. माझा दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात जपानी साहेबांची गाडी चालवायचा. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूनं गेला, चार दिवसांत. अजून घरात शिरताना मी आधी त्याच्या चपला बघतो. असो.

कारखान्यातल्या मॅडमनी मला बोलावलं. "भावाच्या जागी ये. आठ दिवस बघू, जमलं तर कायम." सातवीतून पळालेल्या माणसाला याहून काय पाहिजे? वर म्हणाल्या, "नवे साहेब आलेत. त्यांना चांगली जपानी हॉटेलं दाखव. तुझ्या दादाला सगळी माहीत होती."

"मलापण आहेत," मी ठोकून दिलं.

अगदीच खोटं नव्हतं. गाडीच्या कप्प्यात दादाची वही सापडली होती. जपानी हॉटेलांची नावं आणि प्रत्येकापुढे पेनानं काढलेल्या चांदण्या. कुणाला दोन, कुणाला तीन, उल्हासनगरातल्या एकाला थेट पाच. घरी सुक्या जवळ्यावर ताव मारणारा माझा दादा बाहेर असल्या जेवणाची पारख करत होता? मला केवढा अभिमान वाटला.

पहिल्याच दुपारी रस्त्यात एक जपानी हॉटेल लागलं. दोन जपानी माणसं पोटावर हात फिरवत बाहेर येत होती. साहेबांना मोडकी हिंदी येते. म्हणाले, "यहाँ?"

"नहीं सर, दो स्टार. मेरा भाई एक्सपर्ट था."

साहेबांनी मान तुकवली. गाडी उल्हासनगरला.

पाच चांदण्यांचं हॉटेल रिकामं होतं. मला शंका आली? नाव नको. सिंधी शेठ धावत आले, "आओ साईं," म्हणत साहेबांना माझ्यासकट आत बसवलं. सुशी आली. आत पनीर, वर शेव, बाजूला हिरवी चटणी. साहेबांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"भाई को ये पसंद?"

"बहुत पसंद, सर. और एक प्लेट?"

मागवलीसुद्धा. गेलेल्या माणसाचा मान ठेवायला साहेबांनी तीही संपवली. मला वाटलं, नोकरी पक्की.

बाहेर आलो तर तिथले वॉचमन मामा मला निरखत होते. "संतोषचा भाऊ ना तू? नाक तेच. पण आत कशाला गेलास रे? तो कधी गेला नाही."

"मग पाच चांदण्या कशाला दिल्यात?"

"माझ्यासमोरच काढल्यात. झाडाची सावली, एक. संडास वापरू देतात, दोन. शेजारी चहाची टपरी, तीन. मी गाडी हलवायला लावत नाही, चार."

दादा पार्किंगला मार्क देत होता, आणि त्या मार्कांवर मी साहेबांना पनीर चारलं होतं.

"आणि पाचवी?"

"फोनला रेंज. दीड वाजता डबा उघडला की स्पीकरवर तुला लावायचा. तू म्हणायचास, 'जेवलो, ठेव.' हा हसायचा. म्हणायचा, खेकसतोय म्हणजे बरा आहे."

मी झाडाकडे तोंड करून उभा राहिलो.

साहेबांनी काय झालं विचारलं. सगळं सांगितलं, रडत रडत, म्हणजे हिंदीचे आणखी हाल. शेवटी गाडीची चावी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. सीटवरच्या माझ्या डब्याकडे बोट दाखवलं. "उसमें खाना?"

वहिनीच्या हातचा जवळा आणि भाकरी. साहेबांनी झाडाखाली बसून निम्मा डबा संपवला. झाकणसुद्धा पुसून खाल्लं.

नोकरी कायम झाली. साहेब आता त्या दोन चांदण्यांच्या हॉटेलात जेवतात आणि मी गाडी घेऊन उन्हात भाजत बसतो. दादानं दोन दिल्या ते उगाच नाही. शुक्रवारी मात्र साहेब स्वतःच म्हणतात, "पाँच स्टार." त्या दिवशी वहिनी डबा मोठा देते.

तिथं झाडाखाली दीड वाजता मी आईला फोन लावतो. "जेवलीस का गं?"

"जेवले. दरवेळी काय तेच तेच विचारतोस? ठेव."

ठेवतो.