क्लचवरचा ठोकळा

दाजी गाडी नेहमी अनवाणी चालवायचे. दार उघडलं की चपला काढून सीटखाली सरकवायच्या, स्टेअरिंगला हात लावून तो कपाळाला टेकवायचा आणि मग चढायचं. गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. सकाळी शाळेची पोरं आणि नंतर बदनापूर ते जालना नोकरीवाल्यांची ने-आण, यावर माझ्या ताईचं घर चालायचं. जिच्यावर पोट भरतं तिच्या अंगावर चप्पल ठेवायची का, असं ते म्हणायचे. त्यामुळे पाय मोडल्यावर त्यांच्यासाठी जाड तळव्याचा बूट करून घेतला, तेव्हा तो रस्त्यावर चालला, गाडीत चालला नाही.

पाय डावा. नडगीचे तुकडे जुळले, पण पाय दीड इंच कमी भरला आणि घोटा वाकेना. क्लच शेवटपर्यंत दाबायला तो पुरायचा नाही. अर्ध्या क्लचवर गिअर टाकला की गाडी नुसती खरखरायची.

जालन्यात मस्तगडातल्या गाड्यांच्या मिस्तरीकडे त्यांना मीच घेऊन गेलो. घरचे म्हणाले, मेव्हणा असावा तर असा. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तो पाय माझ्यामुळे मोडला होता.

उन्हाळ्यात राजूरच्या गणपतीला जाऊन आम्ही तिघं परत येत होतो. एका चढावर मागचं डावं चाक बसलं. ताई प्रसादाची पिशवी घेऊन लिंबाखाली जाऊन उभी राहिली. दाजींनी हँडब्रेक ओढला, जॅक काढला आणि मला उजव्या चाकामागं दगड लावायला सांगितलं. चांगला मोठा बघ, म्हणाले. दगड होते, पण रस्त्याच्या पलीकडे, बांधावर. ऊन मरणाचं होतं. माझ्या पायाशी नांगरटीतलं एक ढेकूळ पडलेलं होतं, नारळाएवढं, काळ्या मातीचं, वाळून टणक झालेलं. मी ते पायानंच ढकलत चाकामागं नेलं आणि म्हणालो, "लावला."

दाजी डाव्या चाकाशी पाय पसरून बसले. पंक्चर चाक त्यांनी बाहेर काढलं आणि गाडी मागे सरकली. जॅक कलंडला. चाक नसलेली ती बाजू त्यांच्या नडगीवर आली.

शेतातली माणसं धावत आली. त्यांनी गाडी उचलली तेव्हा उजव्या चाकाखाली नुसती काळी भुकटी होती. सगळ्यांचं लक्ष दाजींकडे होतं. मी ती भुकटी चपलेनं पसरवून टाकली. हे पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही.

दवाखान्यात ताईनं एकदाच विचारलं, "दगड लावल्ता ना रे?"

"लावल्ता," मी म्हणालो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

मिस्तरी मोठा गमत्या माणूस. बुटाची अडचण ऐकून तो म्हणाला, "मालकाला बूट चालत न्हाई ना? मंग पेडललाच घालू." पाय मोडल्यापासून दाजी पहिल्यांदा हसले. त्यांना बाकावर बसवून मिस्तरीनं दोन्ही टाचांमधला फरक टेपनं मोजला. टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. बाभळीचा ठोकळा तासून, वर जुन्या टायरचं रबर ठोकून, खालून लोखंडी पट्टीनं त्यानं तो क्लचवर आवळला. एकदा जाड झाला, परत तासला. दुसऱ्या वेळी दाजींनी अनवाणी पाय ठेवला, क्लच खालपर्यंत गेला, गिअर अलगद पडला. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

गाडी बरेच महिने उभी होती आणि पाय कसा मोडला तेही दाजींनी सांगितलं होतं, म्हणून मिस्तरीनं जाता जाता हँडब्रेकही तपासला. "केबल बराबर हे," तो म्हणाला. "मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक दुसऱ्या एकट्यावर राह्यतो. चढावर तेवढ्यानं भागत न्हाई. दगड लावल्ता ना?"

दाजींनी माझ्याकडे बोट केलं. "लावल्ता. यानं लावल्ता."

मी टेप गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो.

"मंग मालक, तुमचाच हात कमी पडला," मिस्तरी म्हणाला. "अर्धाच ओढला असंल."

हँडब्रेक ओढायचा तो आपला डावा हात दाजींनी उलटा-सुलटा करून पाहिला. "असंल," ते म्हणाले.

दोन शब्दांचं काम होतं. मला ते बोलता आले नाहीत.

ठोकळा उत्तम चालला. पायानं त्यानंतर एकदाही दगा दिला नाही. पण स्टँडवर गाडी लावली की दाजी हँडब्रेक ओढायचे, सोडायचे, पुन्हा ओढायचे. मग लंगडत मागे जाऊन चाकं बघायचे. सपाट जागेवरसुद्धा. नोकरीवाले आधी हसले, मग त्यांना उशीर व्हायला लागला, मग ते दुसऱ्या गाडीनं जाऊ लागले. शाळेची पोरं दाजींनी आपणहून बंद केली. ताईनं कारण विचारलं तर म्हणाले, हाताचा भरोसा राह्यला न्हाई. वर्षभरात त्यांनी व्हॅन विकली. घेणाऱ्यानं ठोकळा खोलून त्यांच्या हातात दिला.

यंदा उन्हाळ्यात मी ताईकडे गेलो होतो. भाची बाळंतपणाला आलेली. ताईनं तान्ह्या पोरीला दाजींच्या मांडीवर द्यायला उचललं, तसे ते अंग चोरून म्हणाले, "डाव्या हातावर देऊ नको. सुटंल." ताई पोरीला घेऊन आत गेली. अंगणात आम्ही दोघंच राहिलो.

"दाजी," मी म्हणालो, "तो दगड नव्हता. ढेकूळ होतं."

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, केवढं होतं. मी दोन्ही हातांनी दाखवलं. वाळलेलं होतं का, हेही विचारलं. हो म्हणालो. भुकटी पसरवल्याचंही सांगितलं. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, माझ्या हातांकडेच बघत होते.

"मंग हात बराबर होता," ते म्हणाले.

"हो."

"गाडी विकायच्या आधी सांगायचं होतं."

त्यांनी आत आवाज देऊन पोरीला मागवलं. ताई घेऊन आली, तर त्यांनी डावा हात पुढे केला. ताई थबकली. "दे," ते म्हणाले. पोरीचं डोकं त्यांच्या कोपराच्या खोबणीत नीट बसलं. त्या पोरीवरची नजर न काढता ते मला म्हणाले, "तू नीघ आता. तुझी रेल्वे चुकंल."

रेल्वेला दोन तास होते. मी निघालो.

त्यानंतर त्यांचा फोन नाही. ताईचा येतो. तुमचं काय बिनसलं म्हणून परवा तिनं विचारलं, तेव्हा कळलं की त्यांनी तिला काहीच सांगितलेलं नाही. दवाखान्यात विचारलं होतं ते तिनं, आणि "लावल्ता" म्हणालो होतो ते तिला. म्हणून तिला सांगायचं तेही मीच. भाऊबीजेला ये म्हणाली आहे. ओवाळायच्या आधी सांगेन. मग तिनं ताट हातात घ्यायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.