तीनशे बाटल्यांतली एकसारखी माती

आमच्या प्रयोगशाळेत माती विकतात असं सांगितलं की लोक हसतात. तीही गाळाची, शिसं मुरलेली. ती वाळवायची, दळायची, चाळायची, मिसळायची आणि बाटल्यांत भरायची. कुठल्याही बाटलीत शिसं तेवढंच निघालं पाहिजे, कारण आपली यंत्रं बरोबर मोजतात का, हे बाकीच्या प्रयोगशाळा या मातीवरून ताडून बघतात. मिसळण्या-भरण्याचं काम एकवीस वर्षं चाळणीकाकांकडे होतं. माणूस महाखट. कोणी मातीच्या पिंपाला हात लावला की "तुझ्या घरचा पिठाचा डबा आहे का हा?" असं विचारायचे. पण त्यांच्या एकाही खेपेत खोट निघाली नव्हती.

तपासणी माझ्याकडे. तीनशेतल्या दहा बाटल्या चिठ्ठ्या टाकून काढायच्या आणि प्रत्येकीतलं शिसं दोनदा मोजायचं. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. या खेपेला सुरुवातीला भरलेल्या बाटल्यांत शिसं कमी निघालं आणि बाटलीचा आकडा वाढेल तसं वाढतच गेलं. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी उलट्या क्रमाने पुन्हा मोजलं. तेच. मग तणतणत काकांकडे गेले, नीट मिसळलं नाहीत का म्हणून. ते चिडले नाहीत, तिथेच मला भीती वाटली.

"तीन दिवस मिसळलं," ते म्हणाले. "भरताना मात्र बसलो होतो."

त्यांचा गुडघा गेला होता. साहेबांना कळलं तर हे काम काढून घेतील, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला मात्र ते त्यांना जिना चढताना बघून कळलं होतं. एरवी पिंप कोपऱ्यातल्या दगडी ओट्यावर असायचं आणि काका उभ्याने भरायचे. या खेपेला मीच त्यांना खुर्ची आणून दिली होती आणि पिंप बसून हाताशी येईल अशा टेबलावर ठेवून दिलं होतं. त्याच टेबलावर चाळणीचं यंत्र दिवसभर थरथरत होतं. पिंप हादरत राहिलं, शिशाचे जड कण तळाशी गेले आणि शेवटच्या बाटल्यांत तेच भरले गेले. करायला गेले एक आणि झालं भलतंच. हादऱ्याने काय होतं हे मला कॉलेजात शिकवलं होतं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

अहवालात कारणाचा रकाना असतो. मी टेबलाचं लिहिलं, ते माझ्या सांगण्यावरून घडलं हेही लिहिलं. साहेबांनी शांतपणे वाचलं. तुमची चूक मान्य, म्हणाले, पण ज्याला उभं राहता येत नाही त्याला तिथे कसं ठेवू? सोमवारपासून काकांनी फाटकावर नोंदवही सांभाळायची. मी भांडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी काका हात धुऊन माझ्या टेबलाशी आले. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. माझा हेतू चांगला होता, एवढंच म्हणाले, आणि मला वर मान करवेना.

"या सगळ्या बाटल्या उघडून माती परत एकत्र करावी लागेल," ते म्हणाले. "तेवढं करून मग जातो फाटकावर. नवा माणूस घाई करेल. साहेबांना विचारशील का गं?"

"विचारून सांगते," मी म्हणाले.

ते बरं म्हणून जिन्याकडे गेले. मी हे सकाळी भांडतानाच विचारलं होतं. साहेब नाही म्हणाले होते.