मामांच्या नावावरच्या गोळ्या

चार वर्षं गोळ्या खाल्ल्या माझ्या नवऱ्यानं आणि कागदावर आजारी राहिले माझे सासरे. हे सांगताना आजही माझं डोकं उठतं, तरी सांगते.

सासऱ्यांना आम्ही सुना मामा म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडलेला ठणठणीत माणूस, अजून दोन भाकरी सहज मोडतो. त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे आमचे हे. कळंबच्या शाळेत गणित शिकवता शिकवता ह्यांना काहीतरी झालं. तास संपेपर्यंत फळ्याकडं तोंड करून नुसते उभे राहायचे, असं शिपायानं येऊन सांगितलं. घरी आले की भिंतीकडं तोंड करून पडायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, नाही म्हटलं तर नाही.

तेव्हा नणंदेचं लग्न जमत होतं. "पोरीच्या भावाला डोक्याच्या गोळ्या चालू हायेत कळलं, की पाव्हणे चहा पिऊन उठतील," मोठे भावजी म्हणाले. बार्शीच्या डॉक्टरांकडं त्यांनीच ह्यांना नि मला नेलं आणि केसपेपर काढला मामांच्या नावानं. औषधाचा दुकानदार आमच्या भावकीतलाच, ह्यांचं नाव दिसलं असतं तर गावभर झालं असतं. पण म्हाताऱ्या माणसाला झोपेच्या गोळ्या लागतात, यात कुणाला काय नवल वाटणार? डॉक्टर हसून म्हणाले, "माझ्याकडं निम्मे पेशंट असेच, कागदावर दुसरेच." मी घरी आल्यावर भांडले. भावजींनी एवढंच विचारलं, "तुम्हाला पोरीचं वाटोळं करायचंय का?" झालं, संपला विषय.

नणंद नळदुर्गला नांदायला गेली, तिला मूलही झालं, तरी कागदावर नाव मामांचंच. चालू फाईल कशाला मोडायची म्हणे!

गोळ्या बदलत गेल्या, माणूस काही बदलला नाही. शेतात फवारायची औषधं मी घरातून काढून शेजारणीच्या खोलीत कुलपात ठेवली. तिनं कारण विचारलं नाही, बरं झालं. हे आंघोळीला गेले आणि पाण्याचा आवाज थांबला की मी दार वाजवायची. भीती वाटायची मला, दुसरं काय.

शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टरांनी मशीन सुचवलं. शॉक नाही, भूल नाही. खुर्चीत बसवतात, कपाळाच्या डाव्या अंगाला एक जाड चकती टेकवतात आणि चुंबकाचे ठोके मेंदूला देतात. बाहेर नुसती टकटक ऐकू येते. काही आठवडे रोज जायचं, मध्ये खंड पडता कामा नये. पदरचं होतं तेवढ्यावर आम्ही सुरुवात केली.

आधी काहीच फरक दिसेना. मग एका दुपारी परत येताना बार्शीच्या स्टँडवर एसटी थांबली, तर हे म्हणाले, "भजी घे की. तळलेली मिरची माग सोबत."

लई दिवसांनी ह्या माणसाला काहीतरी पाहिजे होतं! मी भजी आणली, ह्यांच्या हातात दिली आणि खिडकीकडं तोंड करून रडून घेतलं.

पुढची सगळी भिस्त विम्यावर होती. शाळेच्या पतसंस्थेतून काढलेली पॉलिसी, त्यात हे, मी, पोरं, मामा, सगळेच. कंपनीनं कळवलं, गोळ्यांनी गुण आला नाही याचा पुरावा द्या, मगच मशीनचा खर्च देऊ. पुरावा पिशवीभर होता. सगळा मामांच्या नावाचा.

मी बार्शीला जाऊन डॉक्टरांना म्हटलं, खरं काय ते आता लिहून द्या. ते म्हणाले, "बाई, मी खोटं लिहीत होतो असं सही करून देऊ का?" चार वर्षं सही करताना डॉक्टरांचा हात कधी थरथरला नाही, आता बरा थरथरायला लागला! भावजींना फोन केला, तर म्हणाले, तेव्हा ते बरोबरच होतं. मी फोन ठेवून दिला.

तोवर पैसे संपून मशीनला जाणं बंद पडलेलं आणि हे परत भिंतीकडं वळलेले. एका संध्याकाळी कंपनीच्या माणसाला शेवटचं विचारावं म्हणून फोन लावला. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमच्या सासऱ्यांना ही ट्रीटमेंट घ्यायची असेल तर कागद पुरेसे आहेत. त्यांच्या नावानं पाठवा." फोन स्पीकरवर होता. मामा तिथंच बसलेले.

सकाळी बघते तर मामा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर तयार.

"चला सोलापूरला. माझ्या नावावर हुतंय न्हवं? मग म्या बसतो त्या खुर्चीत. आधी म्या बसतो, मंग डॉक्टरच्या पाया पडू, आता ह्याला बसवा म्हनू."

म्हातारा थट्टा करत नव्हता. मला भावजींचा, डॉक्टरचा, त्या गोड आवाजाचा, सगळ्यांचा संताप आला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला.

"बाबा, टोपी काढून ठेवा. आजारी तुमच्या नावानं पडलो. बरं तरी माझ्या नावानं व्हायचं होतं मला."

मामांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. सोलापूरची गाडी गेली.

दुपारी मी भजी केली, मिरच्या तळल्या आणि ताट ह्यांच्या उशाशी नेऊन ठेवलं. संध्याकाळी ते तसंच उचलून आणलं.