सहा इंची पायऱ्या

युसुफभाईंची माझी पहिली भेट झाली तेव्हा खारघरच्या डोंगरावरचे झाडून सगळे पक्षी उडाले, खालच्या हायवेवर ट्रेलरवाल्यांनी ब्रेक दाबले आणि माझ्या हातातलं अर्धं सोललेलं केळं मला न विचारता दरीत गेलं. झालं होतं एवढंच, की मी दम खायला एका काळ्या दगडावर टेकलो होतो आणि मागून आरोळी आली, "उठा! ज्वालामुखीवर बसलाय तुमी!"

मी उठलो कसला, उडालोच. मागे साठीचा एक किडकिडीत माणूस, कमरेला लोखंड मोजायची मेजपट्टी.

"साडेसहा कोटी वर्षांमागं इथून लाव्हा वाहिला," ते म्हणाले. "आता थंड आहे. पण ही माझी एकशेबारावी पायरी, विचारून बसायचं."

कळंबोलीच्या लोखंड बाजारात युसुफभाईंनी चाळीस वर्षं माल तपासून गेटबाहेर सोडला. त्यामुळे निसर्गही ते टनातच सांगत. धबधब्याचं वजन त्यांना पाठ होतं, डोंगराचंही. एवढा मोठा काटा माझ्याकडे नसल्यामुळे मी ते मान्य केलं आणि दर रविवारी त्यांच्यामागे दगड वाहू लागलो.

पायऱ्या त्यांच्या बायकोसाठी, आबिदाभाभींसाठी होत्या. माथ्यावरून खाडीपलीकडे त्यांचं माहेर दिसतं. भाऊ वारल्यावर तिथलं घर विकलं गेलं, जायला दार उरलं नाही. "लांबून तरी बघेन एकदा," भाभी म्हणायच्या. पण गुडघे गेलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा इंचांवरची पायरी चढायची नाही. म्हणून युसुफभाई वाटेवरचेच सुटे दगड मोजून मोजून रचत होते. दोन वर्षं.

"अवो, अर्ध्यापर्यंत तरी न्या," एकदा भाभी माझ्यासमोरच म्हणाल्या. "बसेन तिथं, करवंदं खाईन."

"अर्धा माल मी गेटबाहेर सोडत नाय."

"मी काय माल आहे?"

"तू तर अख्खा ट्रेलर!"

भाभींनी उलथनं उगारलं. हसता हसता माझा चहा सांडला. वर मी शहाण्यासारखं म्हणालो, "भाभी, काम पक्कं होऊ द्या." ते वाक्य मला अजून गिळता येत नाही.

नंतर युसुफभाईंना खालच्या तीस पायऱ्या साडेसहा इंची सापडल्या. कोणी म्हणालं असतं, अर्ध्या इंचानं काय होतंय? बाजारात म्हणायची सोय नव्हती, डोंगरावरही नव्हती. तिसाच्या तीस उखडून पुन्हा बसवल्या. त्यात पावसाळा गेला, दिवाळी गेली. जानेवारीत माथ्याजवळच्या नऊ तेवढ्या उरल्या. भाभींनी पांढरे बूट आणले, घरातल्या घरात घालून चालून दाखवले. "बगळा दिसतेस," युसुफभाई म्हणाले. खूश होते.

त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी तांदळाची भाकरी थापताना भाभी खाली बसल्या, त्या उठल्या नाहीत.

भाभींचा चाळिसावा दिवस झाल्यावर युसुफभाईंचा फोन आला. "रविवारी येता काय?" एवढंच. आम्ही दगड वाहिले. प्रत्येक पायरीला त्यांनी पट्टी लावली. ज्वालामुखीचा विषय निघाला नाही, वजनाचाही नाही. वर पोचल्यावर खाडीपलीकडे माडांची रांग आणि एक बारीक मिनार स्वच्छ दिसत होता.

उरलेल्या नऊ पायऱ्यांना एकच सकाळ लागली.