कानावरचा स्कार्फ

भाचीला आज प्रसूतिगृहातून घरी सोडणार म्हणून मी सकाळीच धावत गेले. तिच्या सासूबाई वारं लागू नये म्हणून तिच्या कानांवर स्कार्फ बांधत होत्या. तेवढ्यात सिस्टर आल्या. टाके, दूध, लस सगळं सांगून झाल्यावर पलंगावरच बसल्या.

"आता मनाचं. उगाच रडू येईल, चिडचिड होईल. दोन आठवड्यांत ओसरलं नाही तर इकडे या. बाळ नकोसं वाटलं, जीव नकोसा झाला, तर त्याच दिवशी या. लाजू नका. तो आजार आहे, बरा होतो."

मला तर उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! डिंकाचे लाडू, शेकशेगडी, धुरी, सगळं आपण बिनचूक करत आलो. पण बाळंतिणीच्या मनात काय चाललंय, हे विचारायची रीतच नव्हती. ती रीत आज भरल्या वॉर्डात, माझ्या डोळ्यांदेखत सुरू होत होती!

सासूबाईंचे हात गाठीवरच थांबले होते. "मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे," त्या म्हणाल्या. "वाटायचं, मीच वाईट आई."

मग त्यांनी सुनेच्या स्कार्फची गाठ सोडली आणि सिस्टरना म्हणाल्या, "परत एकदा सांगा. हिला नीट ऐकू आलं नसेल."