नसलेलं गोडाऊन पाडण्याची रीत

माझ्या मामाने आयुष्यात एकही गोडाऊन बांधलं नाही. अंजूरसारख्या गावात, त्या वर्षांत, ही गोष्ट जवळजवळ संशयास्पद होती. खाडीकडची भातशेती भराभर पत्र्याखाली जात होती. ज्याच्याकडे चार गुंठे होते तोही भाड्याने द्यायला चार भिंती उभ्या करत होता. मामा मात्र भात लावत राहिला, आणि घरात काही दुखणं असेल अशा नजरेने लोक त्याच्याकडे बघत राहिले. म्हणून अनधिकृत गोडाऊन पाडण्याची नोटीस मामाला आल्याचं कळलं, तेव्हा गावात त्याचा मान थोडा वाढलाच.

नोटीस घेऊन तो भिवंडीत आला. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होतो. तिथे येऊन त्याने ती माझ्या टेबलावर ठेवली.

"बाला, ह्या वाच. मामी तुजी सकालपासून जेवली न्हाय."

नोटीस दोन पानांची होती आणि तिसऱ्या पानावर रंगीत छायाचित्र होतं, थेट आकाशातून घेतलेलं. सरकारने तेव्हा उपग्रहाच्या चित्रांवरून सगळ्या तालुक्याचा संगणकीय नकाशा करायला घेतला होता. त्या चित्रात मामाच्या घराभोवती लाल रेघ होती. घर व लगतचे गोडाऊन एकाच छताखाली असल्याने संपूर्ण बांधकाम महिन्याभरात स्वतः पाडावे, अन्यथा कार्यालय ते पाडेल, असा मजकूर. म्हणजे गोडाऊनबरोबर घरही जाणार होतं.

चित्राच्या मधोमध एक लांबलचक पत्रा उन्हात चकाकत होता. मी विचारलं, "मामा, हे काय?"

मामाने कागद उलटा धरला, मग सुलटा धरला. मग त्याचा चेहरा उजळला. "ह्यो तं आपला मांडव!"

आदल्या मे महिन्यात माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं होतं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि हळदीला सगळं गाव मावेल एवढा मांडव लागतो. वळवाचा पाऊस आला तर काय, या धास्तीने मामाने कापडी मांडव नाकारला आणि पाइपांवर पत्रे टाकून घेतले. मांडव ओट्यापासून निघाला तो थेट शेताच्या बांधाला टेकला. लग्न उरकलं तरी तो पंधरा दिवस तसाच उभा होता, कारण मांडववाल्याकडे सामान ठेवायला गोडाऊन नव्हतं. नेमका त्या पंधरवड्यात उपग्रह अंजूरवरून गेला. हळदीला कोण कोण आलं नाही याचा हिशेब मामी अजून ठेवते; उपग्रह आला होता हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नोटीस काढणाऱ्या कार्यालयात गेलो. संगणकाच्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं आणि बाहेर चपला काढायची पाटी. उद्घाटनाचं हळदकुंकू कीबोर्डवर अजून होतं. दोन-तीन अक्षरं त्याखाली कायमची झाकली गेली होती. तिथल्या तरुण अभियंत्याने मोठ्या अदबीने आम्हाला पडद्यावर मामाचं गाव दाखवलं. मामा हरखला. आपला गोठा, आपलं जांभळाचं झाड, विहीर, सगळं बोटाने दाखवू लागला. मग त्याचं बोट शेजारी सरकलं. तिथे दोन खरी गोडाऊनं होती, दर वर्षी थोडी थोडी लांब होत जाणारी.

"साएब, ह्यांना लाल रेघ न्हाय?"

"त्यांना कोर्टाचा स्टे आहे," अभियंता म्हणाला. "तुमचंच बोलू या."

मी मांडवाची हकिकत सांगितली. त्याने ती सहानुभूतीने ऐकली.

"मग तुम्ही जागेवर येऊन बघा ना," मी म्हणालो. "तिथे आता काही नाही."

तो दुखावल्यासारखा झाला. "सर, जागेवर जायला लागू नये म्हणून तर ही सिस्टीम आणली."

"पण गोडाऊन नाहीच आहे."

त्याने पडदा आमच्याकडे वळवला. आमच्या प्रकरणासमोर दोन चौकटी होत्या. एक 'नियमित केले', दुसरी 'पाडले'. "यातलं एक निवडल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. 'नव्हतेच' अशी चौकट ठेवलेली नाही. तशी गरज पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं."

नियमित करायचं तर गोडाऊनचे नकाशे लागणार, आणि मांडववाला नकाशे काढत नाही. राहिलं पाडणं. त्यासाठी पाडण्यापूर्वीचं छायाचित्र, पाडतानाचं छायाचित्र, पाडल्यानंतरचं छायाचित्र आणि दोन पंचांच्या सह्या.

"पंचनाम्याला मात्र मला यावं लागेल," अभियंता म्हणाला. "नियम आहे."

रिक्षात मामाने नोटीस चार घड्या करून खिशात घातली. मग म्हणाला, "पाडायचा तं आधी बांधाया लागल."

मांडववाल्याला त्याने फोन केला तो माझ्यासमोरच. पलीकडून मोठ्याने हसत विचारलेलं मलाही ऐकू आलं: "कोनाची हलद?"

"कोनाची न्हाय."

"बारसा हाय?"

"न्हाय रं बाबा. पाडायचा हाय."

"पाडायला तं मी येतंच ना, कार्य जाल्यावर."

"पाडायचा ह्याच कार्य हाय!"

मामा गच्चीवरून पडला असावा अशी शंका मांडववाल्याच्या पुढच्या प्रश्नात होती.

ठरलेल्या दिवशी मी सकाळीच पोचलो. मांडव उभा होता. पत्रे, पाइप, सगळं मे महिन्यासारखंच. एवढंच की मांडववाल्याच्या माणसांनी सवयीने आत गुलाबी झालर लावली होती आणि दारात प्लास्टिकच्या फुलांची कमान. अंगणात निम्मं गाव जमलं होतं. मांडव दिसला की आमच्याकडे आमंत्रणाची वाट बघत नाहीत, पण रुसवा मात्र आमंत्रणाचाच धरतात. एक म्हातारी मामीला सरळ म्हणाली, "येवढा कार्य काडलास आनि आमाला बोलाव्ना न्हाय?"

"आत्ये, कार्य न्हाय. सरकार येतंय मांडव पाडाया."

"मं जेवान कवा?"

मामीने चहाचं मोठं पातेलं चुलीवर ठेवलं. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. मला बाजूला घेऊन तिने विचारलं, "यो साएब मांडव पाडून थांबल ना रे? घराला हात न्हाय ना लावनार?"

मी नाही म्हणालो. मला खात्री नव्हती.

अभियंता अकराला आला, गळ्यात कॅमेरा अडकवून. मांडव बघून तो भारावलाच. कागदावरच्या मापाला माप जुळलं होतं. पण कॅमेरा डोळ्याला लावून त्याने खाली घेतला.

"झालर काढा. गोडाऊनला झालर नसते."

झालर निघाली. कमान निघाली. मग त्याला वाटलं, रिकामं गोडाऊन खरं वाटत नाही. तेव्हा शेजारी, म्हणजे स्टेवाल्या गोडाऊनचा मालक, स्वतःहून पुढे आला आणि त्याने आपल्याकडच्या कापडाच्या गाठी तेवढ्यापुरत्या आणून रचल्या. पहिलं छायाचित्र झालं. मी भिवंडीत जन्म काढला, पण इतकं खरं दिसणारं गोडाऊन क्वचितच पाहिलं असेल.

गाठी परत गेल्या. पाडण्याला चाळीस मिनिटं लागली, कारण मध्ये चहा झाला. घराकडचा पहिला पत्रा सुटताना मामी ओट्यावर येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. शेवटचा पाइप ट्रकवर पडेपर्यंत ती तिथून हलली नाही. पंच म्हणून पहिली सही शेजाऱ्याने केली. अनधिकृत बांधकाम आपल्या डोळ्यांदेखत जमीनदोस्त झाले, असं त्याने गंभीर चेहऱ्याने लिहून दिलं.

आम्हाला वाटलं, संपलं. दोन महिन्यांनी मामाला निमंत्रणपत्रिका आली. स्वतःहून अनधिकृत गोडाऊन पाडणारा तालुक्यातला पहिला नागरिक म्हणून त्याचा सत्कार होणार होता. दुसरा अजून कुणी सापडला नव्हता. आम्ही तिघे गेलो. व्यासपीठावर सात खुर्च्या होत्या आणि साहेब नऊ, त्यामुळे सुरुवात उशिरा झाली. मामाला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. 'आदर्श' हा शब्द इतक्यांदा आला की मामा मागे वळून कोण ते बघू लागला. पहिल्या रांगेत शेजारी टाळ्या वाजवत होता.

मग दिवे मालवून भिंतीवर नकाशा दाखवला. आधीचं अंजूर, नंतरचं अंजूर. नंतरच्या अंजुरात मामाचं गोडाऊन नव्हतं. विहीर होती, जांभळाचं झाड होतं. मामा डोळे बारीक करून बघत होता.

"आमचा घर कुटं हाय?"

अभियंता बाजूलाच उभा होता. त्याने भिंतीकडे पाहिलं आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "काका, घर आणि गोडाऊन एकच आकृती होती. पाडलं म्हटल्यावर सिस्टीमने आख्खी आकृती काढली. आता तिथे शेत दिसतंय. तुम्ही अर्ज द्या, मी परत दाखवून देतो."

मामा उठायला लागला. मामीने त्याच्या नव्या शालीचं टोक धरून त्याला खाली बसवलं.

"गप बसा. अर्ज न्हाय नि काय न्हाय. दिसत न्हाय त्या घराला पाडाया कोन येल?"

मामा बसला. व्यासपीठावरचे साहेब सांगत होते की आता या तालुक्यातलं एकही घर शासनाच्या नजरेतून सुटणार नाही. पहिली टाळी मामीने वाजवली.