थोल आणि लोकांचे कुकर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या जपानात सापडायचा नाही. हिगाशी-कसाई वस्तीतल्या आमच्या इमारतीत ते एकटेच राहत. मोठा भूकंप होऊन अणुभट्टी फुटल्यावर त्यांचा संशय नळाचं पाणी, पालकाची भाजी, टीव्हीवरच्या बातम्या असा सगळीकडे पसरला. छतावरच्या दिव्याच्या दोरीवर त्यांची कायम नजर. ती हलली की आधी समोरच्या माणसाला दटावत, "धक्का नाही हा. तुम्ही पाय हलवताय." धक्का खरा निघाला तर उठून दाराच्या फटीत बूट अडकवत; चौकट वाकली की दार दगा देईल, असा त्यांना दाराचाही संशय होता.

विश्वास फक्त 'थोल' या एका जुन्या स्कॉटिश शब्दावर. तरुणपणी स्कॉटलंडमध्ये संशोधन करताना घरमालकिणीच्या तोंडून त्यांनी तो उचलला होता. मी एकदा चहा पिताना म्हटलं, "थोल म्हणजे सोसणं, एवढंच ना?"

"एवढंच काय?" काका दुखावले. "टळत नाही ते अंगावर घेऊन उभं राहायचं, म्हणजे थोल. हजार वर्षांपूर्वी सगळ्या इंग्लंडात बोलायचे. पुढे त्यांनी टाकून दिला. स्कॉटिश लोकांनी सांभाळला."

भूकंपाच्या त्या वसंतात इमारतीतली मराठी कुटुंबं एकेक करून भारतात निघाली. प्रत्येक जण "महिन्याभरात येतोच" म्हणत आपला प्रेशर कुकर काकांकडे ठेवून जाई. काकांचं त्यावर शास्त्र तयार होतं: "परत येणारा माणूस कुकर स्वतःच्या घरात ठेवून कुलूप लावतो." शेवटी मीही बायको-मुलीला घेऊन निघालो आणि कुकर घेऊन वर गेलो. काकांनी झाकण उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाले. जिना उतरताना मला त्यांचा भारी राग आला, कारण मी परतणार की नाही हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

पानं पिवळी पडायच्या सुमारास मी एकटाच परतलो. काकांनी दाराच्या फटीतून मला नीट निरखून मगच आत घेतलं. खिडकीखाली सगळ्यांचे कुकर ओळीनं मांडलेले, पुसून लखलखीत. रबरं सुकू नयेत म्हणून तेलाचं बोट फिरवून वेगळी ठेवलेली. बाकी कोणीच आलं नव्हतं.

"काका, ते येणार नाहीत म्हणता, मग सांभाळता कशाला?"

"येणार नाहीतच," काका म्हणाले. "म्हणून टाकून द्यायचे?" मग माझा कुकर पुढे केला. "शिट्टी तपासून घ्या. नंतर तक्रार नको."

पुढे काकांच्या मुलीनं त्यांना पुण्याला नेलं. निघताना उरलेले कुकर त्यांनी माझ्याकडे आणून ठेवले. मी रबरांना तेल लावायला विसरेन, असा त्यांना दाट संशय होता. अजून विसरलेलो नाही.